एका कानाचा भाव

गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, सकाळी साडेदहाच्या सुमारास बावीस हजार रुपये माझ्या ताब्यात देण्यात आले. अकरा हजार विक्रांतचे, अकरा हजार संदेशचे. जागा वसमतच्या बाजार रस्त्यावरचा वजनकाटा, जिथे मी एकोणीस वर्षे पावत्या फाडत होतो. हजर माणसे चार: विक्रांत, संदेश, केरबा मिस्त्री आणि मी. बाहेर तीस-पस्तीस बघे होते, पण पैसे दिले तेव्हा ते खोलीत नव्हते, म्हणून त्यांना हजर धरत नाही.

पैज गाडीच्या आवाजावर होती. दोघांकडे एकाच कंपनीची, एकाच नावाची, दोन दारांची बुटकी स्पोर्ट्स गाडी. परदेशात बनते, आपल्याकडे शोरूमला मिळत नाही. मागची सीट नावापुरती. माझी डब्याची पिशवीही तिथे आडवी ठेवावी लागली असती. बाहेर देशात हिला गरिबाची स्पोर्ट्स कार म्हणतात, असे संदेशने मला सांगितले होते. त्याची जुनी, पुण्याहून घेतलेली, साडेचौदा लाखांची. विक्रांतची हैदराबादहून, साडेवीस लाखांची. संदेशचे साधे मॉडेल, कापडी सीट, सतरा इंची चाके. विक्रांतचे सगळ्यांत वरचे, कातडी सीट, अठरा इंची चाके, आठ स्पीकर, स्टिअरिंगवर लाल शिवण. दर रविवारी दोघे आपापले दोस्त घेऊन काट्याशेजारच्या चहाच्या टपरीवर यायचे, बॉनेट उघडायचे आणि भांडायचे.

"हलकी ती गाडी," संदेश म्हणायचा. "तुझ्या गाडीत सीट गरम करायची सोय हाये. वसमतमध्ये. मे महिन्यात लावून बस एकदा."

"आधी आवाज ऐक," विक्रांत म्हणायचा. "चार हजारावर गेली की पोटात गोळा येतो. तुझी शिलाई मशीन हाये."

हे पाच महिने चालले. शेवटी दोघांना एकच पंच मान्य झाला, समोरच्या गॅरेजचा केरबा मिस्त्री. इंजिनाच्या आवाजाबद्दल केरबाचा शब्द शेवटचा, हे पार कनेरगाव नाक्यापर्यंत माहीत होते. तिकडून लोक ट्रॅक्टर घेऊन यायचे, दुरुस्तीला नाही, नुसते ऐकवायला.

केरबा तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा, वजन साठ किलो. हे वजन अंदाजाने सांगत नाही, तो माझ्या काट्यावर बऱ्याचदा उभा राहिला आहे. त्याच्याकडे बाभळीचा हातभर दांडा होता, दोन्ही टोके तेलाने काळी पडलेली. एक टोक इंजिनाला, दुसरे उजव्या कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. डावा कान त्याच्या दृष्टीने कामाचा नव्हता. तीस वर्षे त्या बाजूला ग्राइंडर चालवल्याने तो अर्धा गेला होता. सगळा धंदा उजव्या कानावर. दोन-तीन मिनिटांनी दांडा काढून सांगायचा, तिसऱ्या सिलिंडरची बेअरिंग घासून राहिली, चारशे तास चालंल. आणि चारशे तास चालायची. मी ट्रॅक्टरवाल्यांकडून तास विचारून घ्यायचो. एकोणीस वर्षांत त्याचा अंदाज दोनदा चुकला, दोन्ही वेळा मालकाने तास खोटे सांगितले होते.

"इंजन खोटं बोलत न्हाई," तो म्हणायचा. "मालक बोलतो."

फी ठरलेली होती. ऐकायचे पन्नास, दुरुस्तीचे वेगळे.

आणि तो मारायचा. हे सौम्य शब्दांत लिहिता येईल, पण ते खरे होणार नाही. करीच्या त्या सकाळपर्यंत मी माझ्या डोळ्यांनी त्याला दहा माणसांना मारताना पाहिले होते. मला मोजायची सवय आहे. त्यातल्या दोघांना दोनदा. एकाने डिझेलमध्ये रॉकेल घालून गाडी आणली आणि नाही म्हणाला. केरबाने त्याची मान धरून नाक टाकीच्या तोंडावर दाबले, मग त्याच टाकीच्या काठावर आपटले. दोन दात पडले. एका हमालाने वाटेतला दांडा पायाने सरकवला, त्याच्या नडगीवर तोच दांडा इतक्या जोरात बसला की दांडा तुटला. केरबाने दुसऱ्या दिवशी नवा तासून घेतला. बाकी बहुतेकांना त्याची ती ठरलेली चपराक, कानाखाली, हात पसरून. "कानाखाली लावल्याबिगर आवाज आत जात न्हाई," असे तो म्हणायचा आणि टपरीवरचे लोक हसायचे. मीही हसलो आहे.

केरबाने मार खाल्लासुद्धा. एका लग्नाची वरात बाजारातून चालली होती, पुढे डीजेची गाडी, तिच्यावर जनरेटर. केरबा गॅरेजमधून उठला, वरातीत घुसला आणि जनरेटर बंद केला. नाचणाऱ्या पोरांना वाटले, म्हातारा पिऊन आलाय. लाथाबुक्क्यांनी तुडवला त्याला, एकाने बेल्ट काढला. डोक्याला सात टाके पडले. मी सरकारी दवाखान्यात गेलो तेव्हा शर्ट रक्ताने कडक झालेला, आणि पहिला प्रश्न:

"भाऊ, जनरेटर परत चालू केलं का त्येंनी?"

"केलं."

"किती मिन्टं चाललं?"

मी घड्याळात पाहिले होते. "बावीस. मग आतला रॉड बाहेर आला, ब्लॉक फुटला. एका वाजंत्र्याचा हात भाजला."

"मला वीस वाटलं होतं," केरबा म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

त्याची बायको गयाबाई रोज एक वाजता डबा घेऊन यायची. उंच, हाडापेराने मोठी बाई, बोलणे कमी. तिला डाव्या कानाने ऐकू येत नव्हते. रस्त्यावरच्या सगळ्यांना ते माहीत होते, म्हणून तिच्याशी बोलायचे तर आम्ही उजव्या बाजूला जाऊन बोलायचो. मीसुद्धा. सवय होती, विचार केला नाही कधी.

आता करीची सकाळ. आधी मी दोन्ही गाड्या तोलल्या. साधी एक हजार दोनशे साठ किलो, वरची एक हजार तीनशे दहा. फरक पन्नास.

"सहा लाख जास्त देऊन एक कट्टा हळद लादून आणली व्हय," केरबा विक्रांतला म्हणाला. बाहेरचे लोक हसले. विक्रांत हसला नाही.

केरबाने संदेशच्या गाडीचे बॉनेट उघडले, दांडा लावला, डोळे मिटले. तीन मिनिटे. मग ती गाडी उतरवून विक्रांतची काट्यावर चढवली. पुन्हा तीन मिनिटे. नंतर त्याने विक्रांतला गाडीत बसून रेस द्यायला सांगितली आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसला. आतून तो आवाज मीही ऐकला, दार उघडे होते. भरदार, छातीत घुमणारा. केरबाने दांडा डॅशबोर्डला लावला, मग सीटखाली, मग दाराला.

"सोड रेस," तो म्हणाला. "आता दे. सोड."

चार वेळा असे केले. मग उतरला, बॉनेटखालच्या फ्यूजच्या डब्यात वाकला, एक फ्यूज उपटून हातात धरला आणि म्हणाला, "आता दे."

विक्रांतने रेस दिली. आवाज आला तो संदेशच्या गाडीचा. तोच, पातळ, जरा खरखरीत.

"इंजन दोघांचं एकच हाये," केरबा म्हणाला. "काडीचा फरक न्हाई त्यात. ह्याच्या गाडीत मोठा आवाज स्पीकरमधून काढून राहिलेत. रेस सोडली की इंजन आधी उतरतं, आवाज मागून उतरतो. पैज रद्द. दोघांचे पैसे दोघांना द्या, भाऊ."

पुढचे सगळे एका मिनिटात झाले, पण क्रम मला नक्की आठवतो. लोक हसले. कोणीतरी ओरडले, "विक्रांतशेठ, साडेवीस लाखाचा रेडिओ घेतला की." विक्रांत गाडीतून उतरून फ्यूज हिसकायला धावला. केरबाने त्याच्या मनगटावर दांडा हाणला.

"बायकोसारखा तू बी बहिरा झालास, म्हाताऱ्या," विक्रांत म्हणाला, आणि डाव्या हाताने, तळवा पसरून, केरबाच्या उजव्या कानावर मारली.

असा आवाज मी ओल्या पोत्याचा ऐकला आहे. केरबा काट्याच्या पत्र्यावर बसला. आत आकडा दिसत होता: एक हजार चारशे पन्नास. गाडी, विक्रांतचे ऐंशी, केरबाचे साठ. बरोबर होता.

केरबाच्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली. तो उठला, दांडा दोन्ही हातांनी धरला. लोक उजवीकडून ओरडत होते, तो डावीकडे वळला. पहिला फटका विक्रांतच्या गाडीच्या दिव्यावर. काचा उडाल्या. विक्रांत त्याच्या मागे होता. संदेश मध्ये पडून म्हणत होता, "मिस्त्री, थांबा, मी हाये, मी संदेश." केरबाला ते ऐकू गेले नाही. दुसरा फटका संदेशच्या खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचे आम्ही सगळ्यांनी ऐकले. केरबा सोडून.

विक्रांत अकरावा, संदेश बारावा.

नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितले की कानाचा पडदा फाटला, आतली बारीक हाडे जागची हलली, आणि ऑपरेशन करून ऐकू येईलच याची खात्री नाही. केरबाने पोलिसांत तक्रार दिली नाही. "माझ्यावर कोणी केल्ती का?" म्हणाला. संदेशनेही केली नाही. त्याने अकरा हजार परत घेतले, दुसऱ्या हाताने मोजून.

बारा दिवसांनी माझ्याच खोलीत बैठक झाली. विक्रांतचे वडील हळदीचे आडते, हिशेबाला चोख माणूस. विक्रांतला त्यांनी आणले नव्हते, त्याचे अकरा हजार त्यांनीच परत घेतले. खोलीत ते, केरबा, गयाबाई आणि मी. केरबाशी बोलायचे तर ओरडावे लागत होते, म्हणून अर्ध्या गोष्टी मी पावतीच्या मागे लिहून दाखवत होतो.

"चूक पोराची हाये," आडते म्हणाले. "कानाचे पन्नास हजार धरू. दिव्याचे बारा हजार, बिल हे इथं. ते वजा. अडतीस हजार रोख आणलेत."

मी लिहिले: पन्नास, वजा बारा, अडतीस. केरबाने वाचले आणि मान हलवली. नोटांना पिवळे रबर होते. त्याने बंडल उचलले.

"भाऊ," गयाबाई मला म्हणाली, "कानाचा भाव पन्नास ठरला का?"

"ठरला."

"बराबर हाये, शेठ? सगळ्यायचं मंजूर?"

"मंजूर, बाई. काहून?"

"मंग माझ्या बी कानाचे पन्नास लिहा. ह्यायच्या नावानं. सतरा साल झाले."

मी लिहिले नाही, म्हणून तिने माझ्या हातातून पेन घेतले. तिला आकडे येत होते. पावतीवर केरबाच्या पन्नासाखाली तिने दुसरे पन्नास लिहिले आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

"तुझ्यातून वजा किती?" आडते म्हणाले. त्यांना बहुधा गंमत करायची होती.

"मी कोणाचा दिवा फोडला न्हाई," गयाबाई म्हणाली.

केरबाने कागद वाचला. मग त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत वर गेला, पसरलेला. गयाबाई मागे सरली नाही. तिने फक्त तळहात उचलून आपला उजवा कान झाकला, चांगला. इतक्या सरावाने झाकला की आडत्यांनी मान खाली घातली. केरबाचा हात माझ्या टेबलावर आला. काच फुटली, त्याच्या तळव्यात घुसली. रक्ताळलेल्या हातात अडतीस हजार घेऊन तो निघून गेला.

इथे मला माझी एक चूक दुरुस्त करायची आहे. केरबाने मारलेली माणसे मी बारा मोजली. ती तेरा आहेत. सतरा वर्षांपूर्वी, दुपारी एक वाजता, केरबा एका जीपचे इंजिन ऐकत होता. गयाबाई डबा घेऊन आली आणि म्हणाली, "जेवून घ्या, निवून जाईल." दांडा कानावरून न काढता, डोळे न उघडता, त्याने मोकळ्या हाताने तिच्या डाव्या कानावर मारली. डबा पडला, वरण सांडले. मी काट्याच्या खिडकीत होतो. मी पाहिले आणि मोजले नाही. स्वतःच्या बायकोला मारलेले मी तेव्हा मोजत नव्हतो.

पुढचे दोन महिने केरबाने दांडा डाव्या कानाला लावून पाहिला. लोक मुद्दाम सोपी इंजिने आणायचे, त्याला बरे वाटावे म्हणून. तो अंदाजाने सांगायचा. एकदा सोयाबीनच्या दिवसांत एका शेतकऱ्याने मळणीयंत्राचे इंजिन ऐकवले. केरबा म्हणाला, ठीक हाये. तिसऱ्या दिवशी ते खळ्यावर फुटले. लोखंडाचा तुकडा त्या माणसाची मांडी चिरून गेला, चौदा टाके. पंधरवड्याने तो लंगडत गॅरेजला आला आणि त्याने केरबाच्या तोंडावर दोनदा मारले, जोर लावून. केरबाच्या हाताशी पाना होता. त्याने तो उचलला नाही. ओठ पुसला, खिशातून पन्नास रुपये काढले आणि त्या माणसाला परत दिले.

त्या दिवसापासून गॅरेजचे शटर अर्धेच उघडायचे.

केरबाला मी शेवटचा पाहिला तो याच्या आठ दिवसांनंतर. पुढच्या आठवड्यात आमचा काटा बायपासला हलला. दुपारचा एक वाजला होता, काट्यावर कापसाचा ट्रक उभा होता, इंजिन चालूच. केरबा खोलीत आला आणि माझ्या टेबलावर, नव्या काचेवर, दोन बंडले ठेवली. एकाला तेच पिवळे रबर, वरच्या नोटेवर वाळलेले रक्त. अडतीस. दुसरे बारा. त्याची मोटरसायकल सकाळपासून दारात का दिसत नव्हती, ते मला तेव्हा कळले.

गयाबाई डबा घेऊन आली. त्याने तिला बोटाने बोलावले आणि बंडलांकडे बोट केले.

"मोज," तो म्हणाला. बहिऱ्याचा आवाज वर चढतो तसा त्याचा चढला होता. "दोन महिने न्हाई ऐकू आलं मला. तुला सतरा साल."

ती खुर्चीवर बसली आणि मोजले. एकदा सुलटे, एकदा उलटे. मग मी पावती केली आणि तिने सही केली. पैसे तिने डब्याच्या पिशवीत, डब्याच्या खाली ठेवले. तिने माफ केले असे काही मला दिसले नाही. उठली, केरबासमोर उभी राहिली आणि तोंड दिसेल असे सावकाश बोलली.

"भाकर चावताना फुटक्या कानात आवाज मोठा येतो. आला का ध्यानात?"

केरबाने मान हलवली. होय.

"बाहेरून येत न्हाई. हाडातून येतो. दांडा कानाला नगं लावू. दातात धर."

"कवापासून ठाव हाये तुला?"

"सतरा साल," ती म्हणाली. "कोणी इचारलं न्हाई."

केरबा गॅरेजमधून दांडा घेऊन आला. ड्रायव्हर खाली उतरून विडी पीत होता. केरबाने केबिन वर करायला लावले, दांड्याचे एक टोक इंजिनाला टेकवले आणि दुसरे दातांत घट्ट धरले. डोळे मिटले. त्याच्या गालाची हाडे हलत होती. गयाबाई डबा घेऊन त्याच्यापासून दोन हात लांब उभी होती, काही न बोलता, भाकरी निवू देत. मी घड्याळ पाहिले. चार मिनिटे. आधी तीन लागायची.

मग त्याने दांडा काढला, थुंकी पुसली.

"पाचव्याचा इंजेक्टर," तो म्हणाला. "नांदेडपर्यंत जाईल. पुढं नेऊ नको."

ड्रायव्हरने नांदेडहून मला फोन केला. पाचव्याचाच होता.

हिशेब असा: पैजेचे बावीस हजार, विक्रांतच्या वडिलांना अकरा, संदेशला अकरा. कानाचे पन्नास हजार, केरबाकडून गयाबाईला, रोख, माझ्यासमोर. ऐकायचे पन्नास रुपये ट्रक ड्रायव्हरने केरबाला दिले.

त्यातले तिने मागितले नाहीत.